खंजिरी वाजवणाऱ्या पोराला 'शक्ती' ऐकवा



आपल्या चांदूर बाजार तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत जा, वर्गात एक तरी मुलगा असा सापडतो, ज्याची बोटं बाकावर सारखी वाजत असतात. त्याच्या घरात कोणीतरी भजनी मंडळात असतं. खंजिरी, ढोलकी, टाळ त्याला कोणी मुद्दाम शिकवलेलं नसतं, आजोबांच्या शेजारी बसून ऐकता ऐकता ते हातात आलेलं असतं. सातवी-आठवीपर्यंत त्याचं कौतुक होतं. नववी लागली की घरचा सूर बदलतो. "सर, पोट्टं दिवसभर डबे बडवते, अभ्यास कधी करन?" दहावीपर्यंत खंजिरी खुंटीला लागलेली असते.

या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला आपण 'बडवणं' म्हणतो ती एक विद्या आहे. जगातलं एक अत्यंत अवघड आणि तितकंच आनंदाचं संगीत समजून घ्यायची किल्ली त्या मुलाच्या बोटांत आधीच आहे. त्या संगीताचं नाव जॅझ-रॉक फ्यूजन. ते आपण मुलांना ऐकवावं, त्याआधी स्वतः ऐकावं.

हे संगीत आहे तरी काय?

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातून आलेलं संगीत. त्याची रीत साधारण अशी : आधी सगळे मिळून एक धून वाजवतात, मग एकेक वादक आपल्या पाळीला तीच धून आयत्या वेळी फुलवत नेतो आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ धुनेवर येतात. भजनात मुखडा धरून गायक पुढे जातो आणि फिरून मुखड्यावर येतो, तसंच काहीसं. रॉक म्हणजे विजेवर चालणारी गिटार, जोरकस ड्रम आणि बहुधा चार मात्रांची ठाम चाल.

१९६०च्या दशकाच्या शेवटी माइल्स डेव्हिस या मोठ्या ट्रम्पेटवादकाने आपल्या जॅझमध्ये विजेवरची वाद्यं आणली. त्याच्या १९६९च्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बममध्ये जॉन मॅकलॉफ्लिन नावाचा तरुण इंग्रज गिटारवादक होता. पुढे १९७१मध्ये मॅकलॉफ्लिनने स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि त्याला नाव दिलं 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'. त्यांच्या 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या अल्बममधली त्याच नावाची रचना १८ मात्रांच्या आवर्तनात फिरते. चारच्या चालीवर वाढलेल्या श्रोत्याला हे चक्रावून टाकणारं होतं. आपल्याकडे मात्र रूपकच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजायची रीत जुनीच आहे. म्हणून म्हणतो, हे संगीत वाटतं तितकं परकं नाही.

'शक्ती' आणि आपला शंकर महादेवन

१९७०च्या दशकाच्या मध्यात मॅकलॉफ्लिनने विजेची गिटार बाजूला ठेवली आणि भारतीय वादकांबरोबर 'शक्ती' हा गट उभा केला. त्यात माहीमचे झाकिर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर आणि विक्कू विनायकराम घटमवर होते. घटम म्हणजे मातीचं मडकंच. पहिला अल्बम १९७६मध्ये आला.

शिक्षक म्हणून मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जगभर नाव झालेला हा गिटारवादक अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे विद्यार्थी होऊन वीणा शिकला. मींड आणि गमक नीट निघावेत म्हणून त्याने गिटारच्या पट्टीवर पडद्यांमधली जागा खोलगट करून घेतली. दुसऱ्याचं संगीत आपल्यात घ्यायचं तर आधी त्याच्यापुढे शिष्य होऊन बसावं लागतं, हे त्याने करून दाखवलं.

पुढे हा गट नव्याने उभा राहिला. २००० नंतर त्यात गायक म्हणून आले शंकर महादेवन. 'मन उधाण वाऱ्याचे' आणि 'कट्यार काळजात घुसली'मुळे आपल्या घराघरांत ओळखीचे झालेले तेच. ते चेंबूरला वाढले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकले आणि संगणक अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी घेतली. (पालकांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं!) या गटाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमला फेब्रुवारी २०२४मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. झाकिरभाईंना त्या एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले.

आणि आता आपल्या मुलाच्या कामाची गोष्ट. या अल्बममध्ये विक्कू विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश जे वाद्य वाजवतात, त्यात कंजिरा आहे. हाताच्या पंजात मावेल एवढं, एका बाजूने चामडं मढवलेलं, कडेला छोट्या चकत्या असलेलं. आपल्या खंजिरीची ही दक्षिणेतली बहीण. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावंच्या गावं जागी केली. यावली आणि मोझरी आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्या खंजिरीच्या जातीचं वाद्य ग्रॅमीपर्यंत गेलं, हे आपल्या पोरांना कोणी सांगितलं का?

आई ठुमरीची, मुलगा ड्रमचा

दुसरं उदाहरण त्रिलोक गुर्टू यांचं. बेळगावात जन्मलेल्या आणि ठुमरी-दादऱ्यासाठी गाजलेल्या शोभा गुर्टू यांचा हा मुलगा. जन्म मुंबईचा, १९५१चा. आधी तबला शिकले, नंतर ड्रमकडे वळले. जमिनीवर बसून ड्रम, तबला आणि पाण्याची बादलीसुद्धा ते एकाच मांडणीत वाजवतात.

त्यांनीच एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितलेली गोष्ट आहे. स्टुडिओत वेगवेगळे भाग एकावर एक ध्वनिमुद्रित करता येतात, हे त्यांना सुरुवातीला ठाऊकच नव्हतं. पाश्चात्त्य रेकॉर्डवर जे ऐकू येई, ते सगळं एकाच वेळी वाजवलं जातं असं समजून ते शिकत गेले. त्यामुळे सहसा कोणी एकत्र वाजवायला धजणार नाही, असे भाग ते एकट्याने वाजवायला शिकले. 'हे तुझ्याच्यानं होणार नाही' असं मुलाला सांगण्याआधी ही गोष्ट आठवावी.

१९८८च्या त्यांच्या 'उसफ्रेट' या अल्बममध्ये शोभाताई स्वतः गायल्या आहेत. मुलगा 'वेगळंच काहीतरी' करतो म्हणून आईने त्याला अडवलं नाही, ती त्याच्या संगीतात जाऊन गायली.

भेसळ नव्हे, कलम

वरातीत भजनाच्या चालीखाली डीजेचा ठोका घातला की त्यालाही हल्ली फ्यूजन म्हणतात. तिथं कोणी कोणाचं ऐकत नसतं. खरं फ्यूजन काय ते आपल्या भागातल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. जंबेरीच्या खुंटावर आपण संत्र्याचा डोळा भरतो. खुंट सशक्त नसेल तर डोळा धरत नाही. आणि कलम धरली तरी मूळ जंबेरीचंच राहतं, फळ संत्र्याचं येतं. झाकिर हुसेन 'शक्ती'त तबलाच वाजवत होते, आणि तो त्यांनी वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकलेला होता. म्हणून आधी आपली खंजिरी पक्की हवी, मग बाकीचं.

या प्रकारातलं सगळंच चांगलं आहे असंही नाही. नुसत्या वेगाचा दिखावा करणारं पुष्कळ आहे. पण तेवढ्यासाठी सगळंच 'गोंगाट' म्हणून बंद करणं म्हणजे एका खराब कवितेवरून भाषा विषयच सोडून देण्यासारखं आहे.

एका तासिकेत काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कलेला इतर विषयांशी जोडायला सांगतं. कार्यानुभवाची किंवा कलेची तासिका गणिताला देऊन टाकण्यापेक्षा हे करून पाहा. एक मोबाईल आणि एक छोटा स्पीकर पुरतो.

१. आधी ओळखीचं भजन. वर्गातल्या त्या बोटं वाजवणाऱ्या मुलालाच पुढे बोलवा. बाकीच्यांनी आठ मात्रा टाळीवर मोजायच्या.

२. मग डेव्ह ब्रुबेक यांच्या गटाची 'टेक फाइव्ह' (१९५९). हे फ्यूजन नव्हे, शुद्ध जॅझ आहे, पण पायरी म्हणून उत्तम. पाच मात्रा, तीन अधिक दोन. दोन मिनिटांत मुलं पकडतात.

३. अर्धा वर्ग दर पाचव्या मात्रेला टाळी देईल, अर्धा दर आठव्या. दोन्ही टाळ्या एकत्र कधी पडतील? चाळिसाव्या मात्रेला. लसावि फळ्यावर काढण्याआधी मुलांच्या हातात आलेला असतो.

४. 'शक्ती'ची 'ला डान्स दु बोनर' ही रचना. तिची सुरुवात तोंडाने म्हटलेल्या बोलांनी होते. आपल्या 'धा धिं धिं धा'शी मुलं आपोआप तुलना करतात.

५. शेवटी 'लोटस फीट', डोळे मिटून. कोणतं वाद्य बोलतं आणि कोणतं उत्तर देतं, एवढंच विचारायचं.

एखादं मूल म्हणेल, "सर, हे काहून ऐकायचं? मले नाही आवडलं." म्हणू द्या. मात्र काय आवडलं नाही, कुठे नाही, ते त्याला सांगता आलं पाहिजे. तेवढं सांगण्यासाठी त्याला लक्ष देऊन ऐकावंच लागतं, आणि आज वर्गात सगळ्यात दुर्मीळ झालेली गोष्ट तीच आहे.

पालकांना एकच विनंती. दहावीचा अभ्यास महत्त्वाचा आहेच, त्यात वाद नाही. पण रोजची पंधरा मिनिटं खंजिरीला दिल्याने कोणाचे गुण गेलेले मी पाहिले नाहीत. अनेक गावांत भजनी मंडळात आता पन्नाशीच्या पुढची माणसंच दिसतात. त्यांच्या शेजारची जागा रिकामी आहे. ती आपल्या मुलाची आहे, त्याला तिथं बसू द्या.