निसर्गछायाचित्र आणि अभिप्रायाचे दारिद्र्य

कवितेवर 'छान आहे' एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गात आपण उत्तीर्ण करीत नाही. निदान करू नये, असे मानतो. परंतु तोच विद्यार्थी, आणि पुष्कळदा त्याचा प्राध्यापकही, एखाद्या निसर्गछायाचित्रासमोर उभा राहिला की 'अप्रतिम', 'नयनरम्य', 'निव्वळ काव्य' यांपैकी एखादा शब्द उच्चारून मोकळा होतो, आणि या मोकळे होण्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटत नाही. छायाचित्र हा कौतुकाचा विषय आहे, समीक्षेचा नव्हे, असा एक अलिखित करार आपल्याकडे झालेला दिसतो. प्रस्तुत लेखाचा रोख या कराराविरुद्ध आहे. दुसऱ्याने काढलेल्या निसर्गछायाचित्रावर अभिप्राय देणे ही समीक्षेचीच कृती होय. वर्णन, अर्थनिर्णयन आणि मूल्यमापन या तिन्ही जबाबदाऱ्या तिला लागू होतात. शिवाय येथे चौथी एक जबाबदारी येते, ती चित्रात आलेल्या भूमीविषयीची. ही चौथी टाळल्यामुळे पहिल्या तिन्ही कशा पोकळ होतात, हे येथे दाखवावयाचे आहे.

१

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकांचे चार प्रकार सांगितले आहेत: अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. हजारएक वर्षांपूर्वी काव्याच्या संदर्भात केलेले हे वर्गीकरण आजच्या छायाचित्रस्पर्धांचे परीक्षक, हौशी मंडळांच्या बैठका आणि प्रदर्शनांतील अभिप्रायवह्या यांना आश्चर्य वाटावे इतके चपखल लागू पडते.

सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट सगळेच गिळणारा. त्याचा आवडता शब्द 'अप्रतिम'. ज्याला तुलना नाही ते अप्रतिम. आणि हा शब्द वापरला जातो तो अशा चित्रांसाठी, की ज्यांच्यासारखी शेकडो चित्रे दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून खाली येतात. येथे आक्षेप केवळ अतिशयोक्तीला नाही. कोकणकड्याचे छायाचित्र पाहून 'केवढे भव्य!' असे म्हणणारा कोकणकड्यावर अभिप्राय देत असतो, छायाचित्रावर नव्हे. कड्याला त्या अभिप्रायाची गरज नाही आणि छायाचित्रकाराला त्याचा उपयोग नाही. निसर्गकवितेच्या आस्वादासाठी घडलेली विशेषणे आपण येथे उसनी आणतो, आणि ती चित्राच्या आरपार जाऊन थेट डोंगराला चिकटतात. मध्ये कोणी एक माणूस उभा होता, त्याने विशिष्ट जागा निवडली, विशिष्ट क्षण निवडला, बरेच काही चौकटीबाहेर ठेवले, हे सारे अदृश्यच राहते.

मत्सरी भावक याहून चतुर असतो. 'मी असतो तर आणखी अर्धा तास थांबलो असतो', 'मी ते झाड घेतले नसते', अशी त्याची वाक्ये असतात. दरवेळी त्यामागे असूया असतेच असे नाही. पुष्कळदा सद्भावच असतो. परंतु या अभिप्रायाची घडण तपासली तर समोरच्या चित्राची तुलना त्याने स्वतः न काढलेल्या चित्राशी चाललेली दिसते. दुसऱ्याच्या कवितेत आपल्या ओळी घालून ती 'सुधारणारा' संपादक आपण सहन करीत नाही. छायाचित्राच्या क्षेत्रात मात्र त्याला मार्गदर्शक म्हणतात.

राहिला अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. त्याची आजची दोन रूपे अधिक गंभीर आहेत, कारण दोघांच्याही हाती शास्त्र आहे. एक नियमवादी, दुसरा सिद्धांतवादी.

२

नियमवाद्याच्या हाती एक यादी असते. क्षितिजरेषा मध्यावर नको. मुख्य वस्तू तृतीयांशाच्या छेदबिंदूवर हवी. पुढच्या भागात एखादा खडक वा फूल हवे. नजर आत नेणारी रेषा हवी. एका स्पर्धेच्या परीक्षकमंडळावर काम करताना हाती आलेल्या गुणपत्रिकेत रचना, तंत्र आणि परिणाम असे तीन रकाने होते. चित्र कोठले आहे आणि त्या ठिकाणाविषयी ते काय म्हणते, यासाठी चौथा रकाना नव्हता. निसर्गचित्रांच्या स्पर्धेत निसर्ग तेवढा गुणांतून वगळलेला होता.

तृतीयांशाच्या नियमाला हे नाव दिले ते जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ मध्ये, ग्रामीण दृश्यांच्या चित्रणाविषयीच्या आपल्या पुस्तकात. छायाचित्रणाचा शोध तेव्हा लागायचा होता. स्मिथच्या डोळ्यांसमोरचा चित्रकार कोऱ्या कागदावर झाड हवे तेथे काढू शकत होता. छायाचित्रकाराला झाड हलवता येत नाही. त्याला स्वतःला हलावे लागते. जॉन झारकोव्स्की यांनी 'द फोटोग्राफर्स आय' (१९६६) या पुस्तकात वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिबिंदू या पाच अंगांनी छायाचित्राचा विचार केला, तो याच भेदावर उभा आहे. चित्रकार रिकाम्या पृष्ठभागावर भर घालीत जातो, तर छायाचित्रकार भरलेल्या जगातून वगळीत जातो. म्हणून छायाचित्रातील 'रचना' म्हणजे मुळात उभे राहण्याची जागा. वस्तू छेदबिंदूवर आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. छायाचित्रकार येथे का उभा राहिला आणि या जागेवरून त्याला काय दिसेनासे झाले, हा खरा प्रश्न होय.

मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला नियमवाद्याची भाषा अनोळखी वाटणार नाही. संवाद, विरोध आणि समतोल या मर्ढेकरांच्या लयतत्त्वांची ती दूरची, पण निकस आवृत्ती आहे. मर्ढेकरांना अभिप्रेत असलेली लय कलाकृतीच्या संवेदनांत शोधावयाची होती. बाहेरून आणून तिच्यावर लावावयाचा तो साचा नव्हता. आणि लयतत्त्व त्याच्या समर्थ रूपात घेतले तरी छायाचित्रापाशी एक अडचण उरतेच. काळा-पांढरा विरोध ही छायाचित्रात निव्वळ संवेदनांची व्यवस्था नसते. तो एका विशिष्ट डोंगरावर एका विशिष्ट सकाळी पडलेल्या उन्हाचा ठसाही असतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचाराला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवून दिले. निसर्गछायाचित्र या दोन्ही ध्रुवांना एकाच चौकटीत आणते. त्याला केवळ आकार म्हणून वाचणारा अर्धेच वाचतो.

३

सिद्धांतवादी नेमके उरलेले अर्धे वाचल्याचा दावा करतो. निर्मनुष्य डोंगर दिसला की 'रिकाम्या भूमीची मिथ्यकथा', धुक्यातले खोरे दिसले की 'वसाहतवादी नजर', असे त्याचे निदान चित्राकडे वळण्यापूर्वीच तयार असते. या निदानामागे खोटे काही नाही. १८६० च्या दशकात हिमालयात कॅमेरे वाहून नेणाऱ्या सॅम्युएल बोर्नची चित्रे साम्राज्याच्या काळाबाहेर ठेवून वाचता येणार नाहीत. अमेरिकन पश्चिमेत सरकारी सर्वेक्षणांसाठी काढलेली टिमथी ओसलिव्हनची छायाचित्रे पुढे संग्रहालयांच्या भिंतींवर 'निसर्गकला' म्हणून कशी आली, याची रोझलिंड क्राउस यांनी १९८२ मध्ये केलेली चिकित्सा आजही अनिवार्य आहे. परंतु क्राउस यांनी ती चिकित्सा विशिष्ट चित्रे आणि त्यांचे विशिष्ट उपयोग तपासून केली. आपल्याकडे तिचा निष्कर्ष तेवढा आला. तपासणी मागेच राहिली.

अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावापासून दिसणारा सिएरा नेवाडाचा हिवाळी सूर्योदय त्यांनी १९४४ मध्ये टिपला. मागे उजळलेली हिमशिखरे, मध्ये काळी टेकडी, पुढे उन्हाच्या पट्ट्यात चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावच्या शाळेतील मुलांनी दगडांनी रेखलेली 'एल' आणि 'पी' ही गावाच्या नावाची प्रचंड आद्याक्षरे होती. अ‍ॅडम्सनी ती निगेटिव्हवर शक्य तेवढी पुसली, उरलेली खूण प्रत्येक प्रतीवर झाकली, आणि १९८३ च्या आपल्या पुस्तकात हे स्वतःच नोंदवले. सिद्धांतवाद्याला याहून सोयीचा पुरावा कोणता? पण लोन पाइनपासून थोड्याच अंतरावर मँझनार येथे युद्धकाळात दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना डांबलेली छावणी होती. तेथील माणसांची छायाचित्रे याच अ‍ॅडम्सनी काढली आणि १९४४ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच छावणीच्या परिसरातून काढलेल्या माउंट विल्यमसनच्या प्रसिद्ध चित्रात दिसतात ते शिलाखंडांचे मैदान आणि ढगांतून उतरणारा प्रकाश. छावणी दिसत नाही; मँझनारचे नाव फक्त शीर्षकात येते. 'भूमी निर्मनुष्य केली' हे वाक्य येथे अपुरे पडते. जे काम चौकटीने केले नाही ते शीर्षक करू शकते काय, असा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो चित्र पाहिल्यावाचून सुचत नाही.

आज निराळे आकाश बसवणे ही एका कळीची बाब झाली असताना या प्रश्नाची निकड वाढली आहे. 'फेरफार केला काय?' अशी पोलिसी विचारणा करून भागत नाही. काय पुसले, कशासाठी पुसले आणि पुसल्यानंतर चित्र त्या जागेविषयी काय सांगू लागले, हे विचारणे हा अभिप्राय होय.

सुंदर निसर्गचित्राची कुचेष्टा करण्यासाठी रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये १९७५ साली भरलेल्या 'न्यू टोपोग्राफिक्स' प्रदर्शनाचा हवाला नेहमी दिला जातो. मानवाने बदललेल्या भूमीची ती चित्रे होती: साचेबंद घरांच्या वसाहती, कारखान्यांच्या कोऱ्या भिंती. आपल्या गुणपत्रिकेत त्यांतील बहुतेक नापास झाली असती, हे खरे. पण त्याच प्रदर्शनातील रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९८१ मध्ये छायाचित्रातील सौंदर्याची बाजू मांडणारे निबंध प्रसिद्ध केले, हे हवाला देणारे सांगत नाहीत. सौंदर्याला त्यांचा विरोध नव्हता. जमिनीकडे न पाहता मिळवलेले सौंदर्य त्यांना नको होते.

४

आता आपल्या परिसरातील एक परिचित विषय घेऊ. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि अनेक गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर त्यांतलेच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, आणि छायाचित्रकार तेथे पोहोचतात. या विषयाचे एक प्रातिनिधिक चित्र कल्पून पाहा: तिन्हीसांज, पाण्यातून वर आलेले शिखर, त्याचे प्रतिबिंब, वर पक्ष्यांची रांग. शटर अनेक सेकंद उघडे ठेवल्याने पाणी दुधासारखे गुळगुळीत झालेले.

सतृणाभ्यवहारी म्हणेल, 'गूढरम्य!' मत्सरी म्हणेल, पहाटे यावयास हवे होते. नियमवादी शिखर मध्यावर आल्याबद्दल गुण कापील. सिद्धांतवादी विस्थापनाच्या सौंदर्यीकरणाचा आरोप ठेवील, आणि तो करताना चित्राकडे जेमतेम एकदा पाहील.

तत्त्वाभिनिवेशी भावक वर्णनापासून सुरुवात करील. या चित्रात पाण्याला काठ नाही. चारही बाजूंनी ते चौकटीपर्यंत पोहोचले आहे. लाटा नाहीत, म्हणून वारा नाही, म्हणून वेळही नाही. भिंतींवर पूर्वीच्या जलपातळ्यांचे जे गाळाचे पट्टे असावयाचे, ते सावलीत बुडाले आहेत. परिणामी मंदिर अनादि काळापासून पाण्यावर तरंगत असल्यासारखे वाटते. वास्तविक या पाण्याइतके तारीखवार पाणी दुसरे नसेल: ते साठवलेले, मोजलेले, कालव्यांतून सोडलेले पाणी आहे, आणि ते सोडल्यामुळेच मंदिर दिसते आहे. तेव्हा छायाचित्रकाराला विचारावयाचे ते असे: शटर इतका वेळ उघडे ठेवून तुम्ही पाण्याचा काळ पुसला, तो पुसणे तुम्हाला अभिप्रेत होते काय? असल्यास, गाव गमावलेल्या माणसाच्या स्मृतीतही हे मंदिर असेच काळाबाहेर गेले असेल, असे तुम्ही सुचवू पाहता काय? नसल्यास, गाळाचे पट्टे उजेडात यावेत यासाठी कोठे उभे राहावे लागले असते?

या अभिप्रायात तंत्र आहे, रूप आहे आणि भूमीचा इतिहासही आहे. पण तिन्ही एकाच तपशिलातून, पाण्याच्या पोतातून, निघाले आहेत. निर्णय छायाचित्रकाराच्या हाती राहतो. त्याला स्वतःचे चित्र पुन्हा एकदा, थोड्या परकेपणाने, पाहता येते. संस्कृतात 'अभिप्राय' म्हणजे हेतू, आशय. मराठीत तो 'मत' झाला. चित्राचा अभिप्राय शोधल्यावाचून आपला अभिप्राय देऊ नये, एवढे पथ्य या दोन अर्थांतून सहज निघते.

५

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. हौशी माणसाने सुटीच्या दिवशी काढलेल्या चित्रावर एवढा भार कशासाठी? दोन गोड शब्दांनी त्याचा उत्साह वाढत असेल तर बिघडले कोठे? या सौजन्याचा आपण नीट विचार केलेला नाही. जो माणूस पहाटे उठून डोंगर चढला आणि एका जागेसाठी तासभर खोळंबला, त्याच्या चित्रासमोर तीन सेकंद थांबून 'अप्रतिम' म्हणणे हे त्याच्या श्रमाला दिलेले उत्तर नव्हे. आणि भूमीच्या बाबतीत तर हे सौजन्य निरुपद्रवीही नाही. घाटमाथ्यावर खाणी झाल्या, टेकड्यांवर बंगल्यांच्या वसाहती चढल्या, तरी छायाचित्रांतला सह्याद्री हिरवागार आणि धुक्यात गुरफटलेलाच राहिला. कारण तसाच तो आपल्याला 'अप्रतिम' वाटत होता, आणि छायाचित्रकार ते ओळखून होते. कोणत्या प्रकारची चित्रे काढली जातील, हे काही अंशी आपले अभिप्राय ठरवतात. चौकटीबाहेर काय ढकलले जाते, त्यातही आपला वाटा असतो.

साहित्याच्या विद्यापीठीय विभागांनी हा विषय दृश्यकलांच्या शाळांवर सोडून देऊ नये. बारकाईने वाचणे, निवेदकाची जागा ओळखणे, संहितेतील मौनाचा अर्थ लावणे, ही आपलीच कौशल्ये आहेत. एम.ए.च्या वर्गात एखादे सत्र असे घ्यावे, की ज्यात विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या निसर्गछायाचित्रांवर लिहावयाचे. पहिल्या पानावर केवळ वर्णन, एकही विशेषण न वापरता, दुसऱ्यावर प्रश्न, निर्णय तिसऱ्यावर, आणि तोही द्यावासा वाटला तरच.