दिसणारा भुसा, न दिसणारी धूळ

दिवाळीत आम्ही भिलाईला माझ्या थोरल्या मावसभावाकडे गेलो होतो. दादा पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले आणि हौसेने सुतारकामाला लागले. घरामागच्या पडवीला भिंती घालून त्यांनी एक खोली केली आहे. तीत गोल करवत, रंध्याचे यंत्र आणि पॉलिशपेपरचे यंत्र मांडलेले आहे. दादांच्या हातचा पाट किंवा चौरंग ज्याच्या घरी नाही, असा नातेवाईक आमच्यात विरळाच.

या खेपेस मात्र घरात काहीसे अवघडलेपण जाणवले. दादांच्या सहा वर्षांच्या नातीला महिनाभर खोकला होता. तिला धुळीपासून दूर ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि ती तर आजोबांच्या खोलीतून हलायला तयार नसे. सूनबाई सासऱ्यांपुढे काही बोलत नव्हत्या. अखेर वहिनींनीच एके सकाळी देव्हाऱ्यावरून बोट फिरवले आणि ते दादांसमोर धरले. बोटावर पिवळसर पीठ होते. देव्हारा पडवीपासून दोन खोल्या आत आहे.

दादा खजील झाले. त्यांच्याकडे भुसा ओढणारा पंखा होता, त्याला कापडी पिशवीही होती. “पंखा लहान पडतो,” ते म्हणाले. “दुप्पट शक्तीची मोटर आणतो, पिशवीही मोठी लावतो.”

भिलाईच्या माणसाला असे वाटावे, यात नवल नाही. विस्तार हा शब्द या गावात जुना आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दहा लाख टनांचा कारखाना पुढे पंचवीस लाखांचा व नंतर चाळीस लाख टनांचा झाला. परंतु मी सहज विचारले, “दादा, झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूतली धूळ तुम्ही कशी काढत होता? मोठा पंखा लावून?”

दादा क्षणभर गप्प राहिले. मग हसून म्हणाले, “जन्मभर कारखान्यात जे पाहिले, ते घरी येऊन विसरलो.”

झोतभट्टीच्या वायूची सफाई टप्प्याटप्प्याने होते. प्रथम तो वायू एका रुंद पात्रात उतरतो. तेथे त्याचा वेग मंदावतो, दिशा उलटते आणि जड धूळ आपोआप तळाशी बसते. उरलेली बारीक धूळ पुढच्या टप्प्यांत काढली जाते. जड आधी आणि बारीक नंतर, हे त्यातले सूत्र. दादांच्या खोलीत मात्र ढलप्या, भुसा आणि पीठ ही सारी एकदमच पिशवीवर जाऊन आदळत होती. पिशवीच्या कापडाची छिद्रे बुजत, हवेचा ओघ घटे. आणि जे पीठ सर्वांत बारीक, ते कापडातून निसटून पुन्हा खोलीत येई.

वाचकहो, अपाय करते ते हे पीठच. ढलप्या आणि भुसा खाली पडतात, झाडूने भरता येतात. परंतु मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेले कण हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर खोल छातीत उतरतात. त्यांनी दमा उद्भवू शकतो. साग व शिसवी यांच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. इंग्लंडात खुर्च्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या हाय विकम गावाच्या परिसरात लाकूडकाम करणाऱ्यांत नाकाच्या एका विशिष्ट कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याचे १९६०च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानी आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चितपणे कर्करोगकारक ठरवली. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे रोज त्या धुळीत राबणाऱ्यांना असतो, हे खरे. म्हणून हौशी माणसाने घाबरून हत्यारे टाकण्याचे कारण नाही. तथापि लहान मूल त्याच हवेत बसत असेल, तर निष्काळजीपणालाही जागा नाही.

मग दादांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. भुसा नळीत न साचता वाहता राहावा म्हणून हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट लागतो. या वेगाने चार इंची नळीतून मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा जाते, तर सहा इंचीतून सुमारे ७८५. व्यास दीडपट, पण वाट सव्वादोनपट! उलट त्याच चार इंची नळीतून दुप्पट हवा ओढू म्हटले, तर अडथळा चौपट होतो आणि शक्ती सुमारे आठपट लागते. म्हणजे दुप्पट शक्तीच्या मोटरीवर पैसे घालूनही हवा वाढली असती ती फार तर सव्वापट.

दादांच्या पंख्याचे तोंड मुळात सहा इंचीच होते. त्यावर दोन चार इंची तोंडांचा फाटा बसवलेला होता. तो त्यांनी काढला. लांबलचक सुरकुतीची नळी जाऊन तेथे गुळगुळीत, आखूड नळी आली. काटकोनी वळणांऐवजी दोन-दोन सौम्य वळणे आली. प्रत्येक यंत्रापाशी सरकती झडप बसली आणि ज्या यंत्रावर काम चालू असेल तेवढीच उघडायची, असा नियम ठरला. मात्र पंखा दुबळा असताना नुसती नळी रुंद करून भागत नाही. पाटाचे पाणी संथ झाले की गाळ बसतो, तसा नळीत भुसा बसू लागतो.

पंख्याच्या अलीकडे पत्र्याचा शंकूच्या आकाराचा विलगक आला. त्यात हवा गरगर फिरते, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या पिंपात घसरतात, आणि पिशवीपर्यंत थोडेच पीठ पोचते. विलगकही हवेची काही ओढ खातो, हे हिशेबात धरावे लागते. पिंपाचे झाकण घट्ट हवे, नाहीतर सारा उपद्व्याप फुकट. आणि पिंप भरण्याआधी रिकामे करायला हवे. खिळे वा स्क्रू नळीत जाऊ देऊ नयेत, कारण पंख्यावर आदळून ठिणगी उडाल्यास कोरड्या धुळीला आग लागू शकते.

एक गोष्ट नातीनेच शिकवली. दादांनी तिला पणती दाखवून विचारले, “ही फुंकर मारून विझते, श्वास आत ओढून विझेल का?” दिवाळीचा दिवा विझवण्यावरून वहिनींनी दोघांना दटावले, तेव्हा मेणबत्ती आणली गेली. पोरीने गाल खपाटीला जाईपर्यंत श्वास ओढला. ज्योत ढळली नाही. ओढणारी हवा सर्व बाजूंनी येते. म्हणून नळीच्या व्यासाइतक्या अंतरावरच तिचा वेग सुमारे एक-दशांशावर येतो. तेव्हा नळीचे तोंड धूळ उडते तेथेच, अगदी लगत हवे. दादांनी करवतीखालचे तोंड रुंद केले आणि पात्यावरही एक टोपण बसवले.

पिशवी आता खोलीबाहेर, शेजाऱ्यांच्या ओसरीपासून दूर, परसाच्या बाजूला आहे. बाहेर जाणाऱ्या हवेची जागा भरून निघावी म्हणून समोरची खिडकी उघडी असते. पॉलिशपेपरचे काम दादा अंगणात, तोंडाला घट्ट बसणारा मुखपट्टा लावून करतात. खोली कोरड्या झाडूने झाडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. कामाचे कपडे पडवीतच उतरवले जातात.

परवा वहिनींचे पत्र आले. देव्हाऱ्यावर आठवडाभराने बोट फिरवले, तर ते जवळजवळ स्वच्छ निघाले. नातीला खोलीत प्रवेश आहे, पण यंत्रे बंद होऊन तासभर झाल्यावर. तोवर ती उंबऱ्याबाहेर घड्याळ घेऊन बसते. तेवढ्या वेळात आजोबांना हातरंध्याचे काम करायला मिळते, आणि त्याच्या कुरळ्या ढलप्या तिच्याच वाट्याला येतात.