मुकी मुले की बहिरी शाळा?

“आमच्याकडे मुकी मुले फार,” असे देगलुरातल्या एका गुरुजींनी मला सांगितले, तेव्हा मी चरकलो. त्यांनी एक मुलगी दाखवली. आईबाप बांधकामाच्या मजुरीसाठी तेलंगणातून आलेले. पोरीच्या नावापुढे शेरा होता : ‘मंद’. मी सहज “ओकटि, रेंडु” म्हटले मात्र, पोरीने एका दमात वीस गाठले! गुरुजी म्हणाले, “असेल, पण मराठीत कुठे येते?”

मुके कोण आणि बहिरे कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

देगलूर हे तीन राज्यांच्या सांध्यावरचे गाव. इथला दुकानदार मराठीत भाव सांगतो, तेलुगूत घासाघीस करतो, कानडीत उधारी मागतो आणि दखनीत थट्टा करतो. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून तो चार भाषा शिकतो. मूल परत जाऊ नये म्हणून शाळेने एक शिकू नये काय?

आणि हे आम्ही करावे? १९४८ पर्यंत निजामी अमलात उर्दूतून शिकावे लागले, याचे कढ आम्ही अजून काढतो. बेळगावातल्या मराठी मुलांसाठी आमचे रक्त उसळते, ते रास्तच आहे. मग तोच न्याय आमच्या उंबरठ्यावर येताच का लंगडतो?

“महाराष्ट्रात राहायचे तर मराठी आलीच पाहिजे!” अगदी मान्य. पण त्या पोरीला मराठीत आणणारी वाट तिच्या तेलुगूतूनच जाते. ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, एवढे सांगायला कोणी हवे की नको?

कायदा तर केव्हाचा झाला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे कलम १९५६ साली घटनेत आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारीच स्थानिक प्राधिकरणावर टाकली. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरीही “आधी दाखला आणा” हे ऐकून फाटकातून परतलेली आई मी पाहिली आहे. ते वाक्यदेखील तिला मराठीतच ऐकवले गेले.

माझे मागणे मोठे नाही. सीमेवरच्या शाळेत मुलांची बोली जाणणारा एक तरी शिक्षक असावा, आणि प्रवेशाच्या दिवशी आईबापांशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी असावे. गावात अशी माणसे पैशाला पासरी आहेत!

हे होईपर्यंत तो ‘मंद’ शेरा त्या पोरीच्या नावापुढून खोडावा आणि आमच्या नावापुढे लिहावा.