वाडा नक्की कुणाचा?

मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतला आमचा वाडा आवरायला आम्ही सगळे जमलो होतो. वाडा म्हणजे काही सरदारी थाटाचा नव्हे हं. दिंडी दरवाजा, मधे चौक, चौकात नळ, चारी बाजूंनी दुमजली खोल्या आणि मागे सामाईक संडास. पणजोबांनी घेतला, अण्णांनी (माझे आजोबा) सांभाळला, आता बिल्डरला दिलाय. पुढच्या वर्षी पाडणार.

माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. आम्हाला वाटलं, जुनी भांडी असतील. निघाली भाड्याची पावतीपुस्तकं! फाडून दिलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती. १९३८ पासूनच्या. बाकीची मंडळी तांब्याचे हंडे वाटून घेत होती, तेव्हा मी जिन्यात बसून सात नंबरच्या खोलीच्या पावत्या वाचत होते.

पहिला भाडेकरू एका छापखान्यातला कंपोझिटर. भाडं सहा रुपये आठ आणे. १९४६ नंतर त्याचं नाव नाही. मग साताऱ्याकडची तीन मुलं, एस. पी. कॉलेजात शिकणारी. पावती एकाच्याच नावाची, पण पैसे आणून देणारा दर महिन्याला वेगळा. मग एक शाळामास्तर, बायको आणि चार मुलांसह. एवढ्याशा खोलीत सहा माणसं! भाडं मात्र तेच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण धरलं, त्यामुळे ते गोठलंच. १९५७ साली नवे पैसे आले आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले, एवढाच काय तो बदल.

आणि मग १९६१. बारा जुलैला पानशेतचं धरण फुटलं. आमच्या बाजूला पाणी आलं नाही, पण नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. मास्तर नुकतेच स्वतःच्या ब्लॉकमधे राहायला गेले होते आणि खोली रिकामी होती. ऑगस्टच्या पावतीवर नवीन नाव आहे. नारायण पेठेतून नेसत्या कपड्यांनिशी आलेलं कुटुंब - आई, मुलगा, आणि चौदा वर्षांची मुलगी.

ती मुलगी म्हणजे आमच्या आक्का. मी त्यांना कायम शिलाई मशीनपाशीच बघितलंय. आमच्या घरातल्या निम्म्या साड्यांचे फॉल त्यांनी लावलेले आहेत. आई गेली, १९९१ मधे भाऊ गेला, आक्का अजून तिथेच आहेत.

आता मुद्दा असा की पावत्या आजही भावाच्याच नावाने फाडल्या जातात. नाव बदलून घ्यायचं ना त्यांना सुचलं, ना आमच्या घरातल्या कुणाला. बिल्डरचं म्हणणं, भाडेकरू वारला, त्याला मूलबाळ नाही, या बाई नुसत्या राहतात. त्यांना थोडी रक्कम देऊ आणि विषय संपवू. बाकी सगळ्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा, आक्कांना पाकीट!

पण प्रत्येक पावतीच्या खाली एक ओळ असते. 'हस्ते'. म्हणजे पैसे प्रत्यक्ष कुणी आणून दिले. १९९१ पासूनच्या एकूण एक पावतीवर काकाच्याच अक्षरात लिहिलंय - हस्ते भगिनी. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो, असं कायदा सांगतो. आणि ती बहीण तिथे राहात होती, भाडं देत होती, याचा पुरावा आमच्याच ट्रंकेत आहे.

काका म्हणाला, "ठेव ती ट्रंक बाजूला. जुने कागद उकरून काढू नयेत."

काकाची बाजूही मला समजते, ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. दर पावसाळ्याआधी कौलं शाकारायचा खर्च वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त यायचा. २००० साली नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळायला लागली, पण सहा रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, हे हिशोब करून बघा. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर राखलं आणि स्वतः मात्र दोन खोल्यांत राहिले. आमच्या घरात 'भाडेकरू' हा शब्द कधी प्रेमाने उच्चारला गेला नाही, त्याला कारणं होती.

तरीही मला वाटतं की आपण घर म्हटलं की फक्त मालकाचं नाव लक्षात ठेवतो, आणि तिथेच चुकतो.

आमच्यापासून चालत दहा मिनिटांवरचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. बांधला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि १८१८ मधे पेशवाई संपली. म्हणजे पेशवे तिथे जेमतेम दहाएक वर्षं राहिले असतील. १८२१ मधे तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८७९ मधे बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्हींना आग लागली. बुधवारवाडा गेला. विश्रामबाग अर्धामुर्धा वाचला, तो पुन्हा दुरुस्त केला. नंतर तिथे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या, पोस्ट आलं. सुरूच्या आकाराचे ते लाकडी खांब आज आपल्याला बघायला मिळतात, कारण पेशव्यांनंतर दोनशे वर्षं तिथे कुणी ना कुणी रोज येत-जात राहिलं. बाजीरावाने वाडा बांधला हे खरंच, पण टिकवला तो विद्यार्थ्यांनी आणि कारकुनांनी.

आमच्या वाड्याचंही तेच. सात नंबरमधला कोबा मास्तरांनी घातला. चौकातली तुळस आक्कांची आई पुरातून सावरल्यावर लावून गेली. वरच्या मजल्याचा कठडा तिथल्या भाडेकरूंनी वर्गणी काढून बदलला. कागदावर यातलं काहीच त्यांचं नाही. पण वर्षानुवर्षं ज्यांच्या हस्ते घर चाललं त्यांचा त्याच्यावर काहीच हक्क नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नव्या इमारतीला पणजोबांचं नाव द्यायचं ठरलंय. द्यावं, माझी काहीच हरकत नाही. पण आक्कांना खोलीच्या बदल्यात खोली मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही, हे घरात सांगितलंय आणि इथेही लिहून ठेवते, म्हणजे मलाच माघार घेता येणार नाही. :) ट्रंक सध्या माझ्याकडे आहे. पावत्यांचे फोटो काढून आक्कांना दिलेत. त्यांनी चष्मा लावून भावाचं नाव वाचलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग विचारलं, "या महिन्याचं भाडं कुणाकडे द्यायचं गं?"

बोस्टनच्या दादा, बडोद्याच्या आत्या, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. रागावलात तर फोन करा. पण आधी सांगा, लहानपणी परकरपोलकी कुणाकडून शिवून घेतली होती?

आणि बाकीच्या मंडळींनो, तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा. नावाच्या खालची ओळ जरूर वाचा.