दधीचींची कथा आणि आपले घर

३ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे 'भारतीय अवयवदान दिवस' म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही त्याच वर्षीचा. त्यानंतरच्या तीन दशकांत आपल्या शल्यविशारदांनी मोठी मजल मारली असून २०२३ साली देशात अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. मात्र त्या वर्षी मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या होती जेमतेम अकराशे. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे असे सुमारे पन्नास दाते मिळतात; आपल्याकडे एकही पुरता मिळत नाही. वृत्रासुराच्या वधासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीचींना पूज्य मानणाऱ्या समाजाने या विसंगतीचा विचार करायला हवा.

हिंदू धर्माचा अवयवदानाला विरोध आहे, असे कारण काही जण देतात. त्यात तथ्य नाही. शरणागत कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देणारा शिबी राजा आपल्याच परंपरेतला. देहाला जीर्ण वस्त्राची उपमा देणारी गीता घराघरांत वाचली जाते. अडचण ग्रंथांत नसून व्यवहारात आहे. डोळे दिले तर पुढच्या जन्मी अंधत्व येते, देह अभंग असल्याखेरीज अग्नीला देऊ नये, अशा समजुती सुशिक्षित घरांतही टिकून आहेत. जो देह काही तासांत भस्म होणार, त्यातील एक मूत्रपिंड कमी असल्याने अग्नी तो नाकारील काय? अवयव काढल्यानंतर देह व्यवस्थित शिवून नातेवाइकांच्या स्वाधीन केला जातो. दहनापासून तेराव्यापर्यंत एकही संस्कार अडत नाही.

तथापि, नकार देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला अंधश्रद्ध ठरवणे अन्यायाचे होईल. नेत्रदान कोणत्याही मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत, अगदी घरीही होऊ शकते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान मात्र बहुतेक वेळा मेंदूमृत अवस्थेतच शक्य असते. रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. श्वसनयंत्रामुळे छाती वरखाली होत असते, हात उबदार लागतो, आणि डॉक्टर सांगतात की तो गेला आहे. कालपर्यंत हसतेबोलते असलेले माणूस समोर असे असताना आईबापांच्या मनाला ते पटत नाही, यात नवल नाही. मृत्यू म्हणजे श्वास थांबणे, हीच आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची खूण आहे.

हा पेच केवळ आपला नाही. जपानचे उदाहरण बोलके आहे. १९६८ साली साप्पोरो येथे झालेल्या हृदयप्रत्यारोपणात दाता खरोखरच मृत होता काय, असा संशय निर्माण झाला. त्याचे सावट इतके दीर्घकाळ राहिले की, मेंदूमृत्यूनंतरच्या दानाला मुभा देणारा कायदा त्या देशात १९९७ साली झाला. आजही विज्ञानात अग्रेसर असलेल्या जपानमध्ये अशा दात्यांचे प्रमाण फारच अल्प आहे. म्हणजेच शिक्षण आणि संपन्नता आली की ही दाने आपोआप वाढतात, असे नव्हे. मृत्यूविषयीची धारणा आणि वैद्यकावरील विश्वास यांचा तो प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. तेथे डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापन केली. या छोट्या देशाने तेव्हापासून स्वतःची गरज भागवून इतर अनेक देशांना हजारो नेत्रपटले पाठवली आहेत. तेथील बौद्ध समाजाला या दानामागची प्रेरणा कोठून मिळाली? ज्या जातककथेत राजा याचकाला आपले डोळे देतो, तो राजाही शिबीच. कथा आपल्याकडेही होती. श्रीलंकेत मात्र विहार, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले, आणि कथेतून रीत घडली.

आपल्याकडे त्याग नाही असे नाही, परंतु त्याची वाटणी कशी झाली आहे तेही पाहावे. देशातील बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या अवयवांवर होतात. त्या दात्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, तर १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्यांत दर पाचांपैकी चार पुरुष होते. मुलासाठी आई, पतीसाठी पत्नी मूत्रपिंड देते. तिच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण पत्नीवर तीच वेळ आली तर घरातले किती पुरुष पुढे येतात? 'तो कमावता आहे' हे उत्तर तयारच असते. दान तेव्हाच दान, जेव्हा नकाराचीही मोकळीक असते. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या घरांनी हा हिशेब स्वतःशी मांडावा. मृत्यूनंतरचे दान वाढले, तर जिवंत स्त्रीवर पडणारा हा भार हलका होईल.

विश्वासाचा भाग व्यवस्थेने सांभाळायचा आहे. मेंदूमृत्यूचा निर्णय चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून द्यायचा असतो, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. हे सामान्य माणसाला कोणी सांगतच नाही. मूत्रपिंडांच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या मात्र त्याच्यापर्यंत पोहोचतात. गरिबाने द्यायचे आणि श्रीमंताने घ्यायचे, ही भावना एकदा रुजली की आवाहने निष्फळ ठरतात. स्पेनने केवळ कायद्यावर विसंबून न राहता १९८९ साली राष्ट्रीय यंत्रणा उभारली आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले. तेथेही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. आपल्याकडे तामिळनाडूने २००८ पासून शिस्तबद्ध कार्यक्रम राबवला आणि २०२३ साली दात्यांना शासकीय इतमामात निरोप देण्याचा निर्णय घेतला. समाज ज्याचा सन्मान करतो, ते समाजात वाढते.

तरीही अखेरचा शब्द घराचाच असतो. आपण संकल्पपत्र भरले असले तरी निधनानंतर निकटच्या नातेवाइकांच्या संमतीविना अवयव घेतले जात नाहीत. आणि आपल्या घरांत मृत्यूचा विषय निघाला की 'असे अभद्र बोलू नये' म्हणून तो बंद केला जातो. मग रुग्णालयाच्या व्हरांड्यात, आकांताच्या घडीला, कधीही न बोललेल्या विषयावर काही तासांत निर्णय घ्यायची वेळ येते. तेव्हा नकारच सोपा वाटतो.

रूढी मोडण्याचे धैर्य या परंपरेला नवे नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपले दहन विद्युतदाहिनीत करावे, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. परभणी परिसरात जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी दधीचि देहदान समितीमार्फत देहदानाचा संकल्प केला. २०१० साली चित्रकूटला त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा देह दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला. दोघांनीही आपली इच्छा आधीच स्पष्ट केली होती, म्हणून मागे राहिलेल्यांना संभ्रम पडला नाही.

कार्यकर्त्यांनी व्याख्याने ठेवावीत, संकल्पपत्रे भरून घ्यावीत; ते आवश्यकच आहे. पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या घरी, सगळे एकत्र जेवायला बसलेले असताना, हा विषय काढावा. पत्नीला, मुलांना, वृद्ध आईवडिलांना आपली इच्छा सांगावी आणि त्यांचीही ऐकून घ्यावी. एखाद्याने असहमती दर्शवली तर तिचाही मान राखावा. देवांनी दधीचींकडे अस्थी मागितल्या, तेव्हा होकार देण्यास ते स्वतः हयात होते. आपल्या बाबतीत तो प्रश्न आपल्या माणसांना विचारला जाणार आहे. त्यांना उत्तर ठाऊक असावे, एवढी सोय आपण आजच करून ठेवू शकतो.