कापड सरकत नाही, तेव्हा दोष कोणाचा?

आपल्या बैठकांत आपण मजुरीवर बोलतो, छळावर बोलतो, पाळणाघरावर बोलतो. यंत्रावर मात्र बोलत नाही. यंत्र ही मालकाची नाहीतर मेकॅनिकची बाब, असे आपणही धरून चालतो. कपड्यांच्या कारखान्यात ओव्हरलॉकवर बसणाऱ्या बाईला हे गृहीत फार महाग पडते. मी ओव्हरलॉकवर काम केले आहे आणि आता वस्तीतल्या वर्गात बायांना ते शिकवते, म्हणून हा विषय मांडते आहे.

ओव्हरलॉक कापडाची कड कापते आणि त्याच वेळी ती दोऱ्यांनी बांधते. कुठलाही टी-शर्ट उलटा करून पाहा, आतली गुंफलेली वीण याच यंत्राची. मिनिटाला पाच हजारांहून अधिक टाके घालण्याची या यंत्रांची ताकद असते. एवढ्या वेगात कापड नीट सरकले नाही तर होजिअरीची कड लाटेसारखी फुलते, पातळ कापडाला चुण्या पडतात, वरचा थर मागे राहून खालचा पुढे जातो, नाहीतर कापड एका जागी अडकून टाक्यांचा गुंता होतो. चेकर माल परत पाठवते. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणतो, "हात बसलेला नाही." नगावर मजुरी असेल तर उसवण्याचा वेळ बाईचा, पुन्हा शिवण्याचाही बाईचाच. काही ठिकाणी वर पैसेही कापतात.

पण कापड सरकवते कोण? हात फक्त दिशा देतो. सरकवण्याचे काम सुईच्या पट्टीखालचे दाते करतात. ओव्हरलॉकमध्ये दात्यांचे दोन संच असतात, पुढचा आणि मागचा, आणि दोघांची चाल वेगवेगळी ठेवता येते. पुढचा संच जास्त चालला की कापड किंचित गोळा होते. ताणल्या जाणाऱ्या होजिअरीला हेच लागते. पुढचा कमी चालला की कापड ताणले जाते आणि पातळ कापडाच्या चुण्या मोडतात. वरून पायाचा दाब असतो. तो कमी पडला तर कापड घसरते, जास्त झाला तर होजिअरी ताणली जाते.

म्हणून आमच्या वर्गात क्रम ठरलेला आहे. आधी स्विच बंद. जुन्या धाटणीची मोटर स्विच बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. मग पाय बाजूला करून पट्टी काढायची आणि दात्यांमधली रुई ब्रशने साफ करायची. रुई दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट बसते आणि दाते कापडापर्यंत पोचतच नाहीत. अनेकदा आजार एवढाच असतो. नंतर दोरा कुठे गुंडाळला गेला आहे का ते बघायचे. टाका फार बारीक लावला आहे का? पायाचा दाब कापडाच्या जाडीला जुळतो का? दोन्ही संचांची चाल या कापडासाठी बरोबर आहे का? चुण्या असतील तर दोऱ्याचा ताणही तपासायचा. सुरी बोथट असेल तर ती कापड कापण्याऐवजी चावते आणि कापड तिथेच तुंबते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चिंधीवर शिवून पाहायची. एवढे करूनही सुधारले नाही, तर दाते झिजले असतील किंवा त्यांची उंची उतरली असेल. वर आलेले दाते पट्टीच्या साधारण एक मिलिमीटर वर दिसायला हवेत. ते बसवणे मेकॅनिकचे काम.

यात बाईला समजणार नाही असे काय आहे? तरीही कारखान्यात स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हाती नसतो. मेकॅनिक येईपर्यंत ती बसून राहते, नगाचे पैसे बुडतात. त्याने आधी आपल्या यंत्राकडे यावे म्हणून त्याची मर्जी राखावी लागते, नको ते विनोद हसून घ्यावे लागतात. नाहीतर ती कापड मागून हाताने ओढते. सुई वाकते, मोडते, संध्याकाळी खांदा भरून येतो आणि मोडक्या सुईचा जाबही तिलाच द्यावा लागतो.

"बायांनी यंत्र उघडायचे नाही, कायदाच आहे," असे मालक सांगतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२व्या कलमात बायांबद्दल बंदी होती हे खरे. पण ती चालत्या यंत्रणेची आणि हलत्या भागामुळे इजेचा धोका असेल तेव्हाची साफसफाई, तेल-पाणी आणि जुळवाजुळव यांपुरती होती. बंद यंत्रातली रुई काढायला तिने मनाई केलेली नव्हती. संरक्षणासाठी घातलेली अट बाईला अडाणी ठेवायच्या कामी आली, एवढाच तिचा अर्थ.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या विचारतात, हे शिकवून आपण मालकाला फुकटचा मेकॅनिक देतो आहोत का? धोका खरा आहे. म्हणून शिकवण्याबरोबर मागणीही हवी: साफसफाईचा आणि जुळवणीचा वेळ कामाचा वेळ धरा, ज्या बाईला हे येते तिला कुशल कामगाराची श्रेणी द्या, मेकॅनिकच्या जागांवर बायांना घ्या. मेकॅनिक आपला शत्रू नव्हे, तोही पगारदारच आहे. पण तो जे जाणतो त्याला कौशल्य म्हणायचे आणि आपण जाणतो त्याला 'हाताची सवय' म्हणायचे, हा भेद आपण मान्य करण्याचे कारण नाही.

आणि हे ज्ञान कामाच्या जागी पुराव्यासारखे उपयोगी पडते. नुकसानीपोटी मजुरी कापायची तर ते नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीमुळे झालेले असले पाहिजे आणि तिला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, असे १९३६ च्या वेतन कायद्यात होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. पण बाजू मांडायची म्हणजे काय बोलायचे? "मी मुद्दाम केले नाही," एवढेच म्हणणारी बाई हरते. "दाते झिजलेत, मंगळवारी सांगितले होते, हे बघा चिंधीवर शिवलेले," असे म्हणणाऱ्या बाईला गप्प करणे कठीण जाते.

आज पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिलाई यंत्रे वाटली जातात. फोटो निघतात, यंत्र घरी येते आणि पहिल्यांदा अडले की कोपऱ्यात पडते. आपल्या गटांनी तरी वेगळे करावे. शिलाईच्या प्रत्येक वर्गात निदान दोन दिवस यंत्र उघडण्याचे ठेवावेत. प्रत्येकीकडे ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक वही असावी. वहीत तारीख, बिघाड आणि तो कोणाला सांगितला ते लिहावे. लिहिता येत नसेल तर शेजारणीने लिहून द्यावे. दहा जणींच्या वह्या एकत्र आल्या की कळेल, हात कोणाचा बसलेला नाही आणि देखभाल कोणी केलेली नाही.