जीभ चावली!

बोलूं नये तो शब्द तोंडांतून निसटला, कीं बोलणारा जिभेचें टोंक दातांत धरतो, आणि पाहणारे म्हणतात, "पाहा, जीभ चावली!" इंग्रज लोक जीभ चावणें म्हणतात तें बोलण्यापूर्वीं मन आवरण्याला, आपल्याकडे मात्र शब्द सुटून गेल्यावरच जीभ चावली जाते. म्हणजे आपली ही चूक उमगल्याची खूण होय. बंगालमध्यें कालीमातेच्या बाहेर आलेल्या जिभेचाही अर्थ पुष्कळ लोक असाच सांगतात: शिवाच्या अंगावर पाय पडला, आणि देवीनें लाजून जीभ चावली.

जेवतांना खरोखर जीभ चावते तेव्हां लाजेपेक्षां वेदनाच अधिक असते. दात मिटतांना जिभेनें बाजूस सरावें, हा मेळ मेंदू आपल्या नकळत राखीत असतो. घाईनें जेवणें, तोंडांत घास असतां बोलणें, यांनीं तो क्षणभर चुकतो. जिभेंत रक्तवाहिन्या दाट, म्हणून रक्त फार येतें. परंतु त्याच कारणानें जखमही लवकर भरते. स्वच्छ फडक्यानें कांहीं मिनिटें दाबून धरावें व दोन दिवस तिखट वर्ज्य करावें, इतकें बहुधा पुरतें. एकाच जागीं पुनःपुन्हां चावत असल्यास दाताची टोंचणारी कड किंवा सैल कवळी दंतवैद्यास दाखवावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण तर कधींही अंगावर काढूं नये.

परंतु आणखी एक प्रकार आहे, आणि त्याचसाठीं आज आम्हीं हा विषय हातीं घेतला आहे. सकाळीं उठावें तों जिभेची कड चावलेली, उशीवर रक्ताचा डाग, सारें अंग ठेचल्यासारखें, क्वचित् अंथरूण ओलें, आणि रात्रीं काय झालें याची आठवण नाहीं, असें घडल्यास तो झोपेंत आलेला अपस्माराचा झटका असूं शकतो. घरोघर ज्याला फेफरें म्हणतात तें हेंच. झटक्यांत जबडा एकदम आवळला जातो, आणि जीभ बहुधा कडेला सांपडते.

अशा वेळीं जीभ वांचविण्यासाठीं घरचीं माणसें दातांत चमचा घालतात, कोणी कांदा किंवा वहाण नाकाशीं धरतात. यांतील कांहींएक करूं नये. चमच्यानें दात मोडतो, श्वास अडतो. जिभेची जखम मागाहून भरून येते. रुग्णास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ घडी ठेवावी, जवळच्या टणक वस्तु दूर साराव्या, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावें. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीदेखील पाजूं नये. झटका पांच मिनिटांत थांबला नाहीं, शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरा आला, किंवा आयुष्यांतील पहिलाच असला, तर विलंब न करितां रुग्णालयांत न्यावें.

हें साधें ज्ञान शिकल्यासवरल्या घरांतूनही पसरत नाहीं, याचें कारण आपली ती पहिली जीभ चावणीच आहे. पाहुण्यांदेखत घरांतील पोराच्या तोंडून 'फेफरें' हा शब्द निघाला, कीं वडील माणसेंच जीभ चावतात. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे ना! मग आजार लपवून लग्न होतें, सासरीं गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, एखादे दिवशीं त्या बंद पडतात, आणि झटके उलटतात.

वास्तविक चरकसंहितेंत अपस्माराचें निदान व चिकित्सा यांना स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें योग्य उपचार मिळाल्यास १०० पैकीं सुमारें ७० रुग्ण झटक्यांवांचून राहूं शकतात. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालच्या दुरुस्तीनें अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरविले होते. १९९९ सालीं तो शब्द कायद्यांतून काढून टाकण्यांत आला. कायद्यानें जो शब्द खोडला, तो आपण घरांत दडवून कां ठेवावा?

'आपलेच दात, आपलेच ओठ' असें म्हणून आपण आपल्या माणसांचे दोष पोटांत घालतों. तें योग्यच, पण आजार हा दोष नव्हे. म्हणून आमची वाचक भगिनीबंधूंस विनंति आहे, कीं अशा मुलाचा किंवा मुलीचा विवाह ठरवितांना, ज्याचा आजार त्याच्या संमतीनें, ही गोष्ट दोन्ही घरांनीं आधींच मोकळेपणीं बोलावी. तसें बोललें गेलें, तर मध्यरात्रीं झटका आला असतां शेजारच्या खोलींतून धांवत आलेल्या जाऊबाईंच्या हातांत निदान चमचा तरी असणार नाहीं.